पाळण्याची दोरी आणि थकलेला हात

महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने गोळा करण्याच्या कामी गेल्या दीडशे वर्षांत आपल्या विद्वानांनी थोडे परिश्रम केलेले नाहीत. बखरी, सनदा, तहनामे, महजर, जमाखर्चाचे ताळेबंद असा कागदांचा डोंगर उपसून झाला. कोणत्या मोहिमेत किती घोडी पडली आणि कोणत्या किल्ल्यावर किती खंडी दाणा होता, हेही आपणांस पुष्कळ अंशी सांगता येते. परंतु त्याच काळी एखाद्या घरात चार मुले वाढविणाऱ्या बाईस रात्रीतून किती घटका झोप मिळत असे, मूल आजारी पडले म्हणजे तिच्या जागी उशाशी कोण बसे, आणि तिचा जीव मेटाकुटीस आला म्हणजे ती कोणाकडे पाही, या प्रश्नांस उत्तर देणारी बखर कोणी लिहिली नाही. शीण हा दप्तरात दाखल होण्याजोगा विषय नव्हे, अशीच सर्वांची समजूत होती.

अलीकडे पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनी या शिणास एक नाव दिले आहे. १९७४ साली न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी परोपकारी संस्थांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या संबंधाने ‘बर्नआउट’ हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. दिव्यातील तेल संपून नुसती वात जळत राहावी तशी ती अवस्था. पुढे बेल्जममधील लूव्हाँ येथील इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलाय्‌चाक या विदुषींनी हाच शब्द आईबापांस लावून त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या पुढाकाराने ४२ देशांत झालेली पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि जेथे प्रत्येक कुटुंब आपापल्या भिंतींच्या आत स्वतंत्र राहू पाहते त्या देशांत हा शीण अधिक आढळतो असे तीत दिसून आले. हे वाचून आपल्याकडील पुष्कळांस धन्यता वाटेल; आमच्या एकत्र कुटुंबात असले आजार नव्हतेच, असे म्हणण्यास ते सरसावतील. या धन्यतेची थोडी झडती घेणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुनी व्यवस्था सर्वस्वी वाईट होती असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे होईल. पहिले बाळंतपण माहेरी, ही चाल केवळ लाड म्हणून पडली नव्हती. सासरी जी सून पहाटेच्या दळणापासून रात्रीच्या उष्ट्याखरकट्यापर्यंत अखंड उभी असे, तिला सव्वा महिना बाजेवर पडून राहण्याचा हक्क या चालीने मिळे. शेकशेगडी, धुरी, बाळंतकाढा, डिंकाचे नि अळिवाचे लाडू, अंगास तेल लावणारी सुईण हा सारा सरंजाम बाळाहून अधिक आईसाठीच असे. विटाळ या शब्दाचा आज आपणांस राग येतो आणि तो रास्तच आहे. पण त्या विटाळाच्या आडोशाने का होईना, तिला चुलीपासून सुटका मिळे, ही गोष्ट आमच्या सुधारकांच्या ध्यानी फारशी आलेली दिसत नाही. आणि ते सव्वा महिने सरल्यावर तिला काय वाटे, याचा पुरावा हवा असेल तर तो जात्यावरच्या ओव्यांत शोधावा. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास ‘स्त्री जीवन’ या नावाने ओव्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेडोपाडी हिंडून जमविलेल्या ओव्यांची संख्या तर लाखाच्या घरात जाते. या ओव्यांत आईबापांची, भावाची, माहेरच्या वाटेची आठवण जितक्या वेळा येते तितकी दुसऱ्या कशाची क्वचितच येत असेल. ज्या बाईला दिवसा मनातले बोलावयास कोणी नव्हते ती पहाटेच्या अंधारात दगडाशी बोलत होती. हा दगड बहुधा एकटा नसे. दोघीजणी समोरासमोर बसून दळीत, आणि एकीची ओवी दुसरी उचलीत असे. शिणलेल्या जिवास सोबत लाभण्याची एवढी एक जागा त्या घरांत खरोखरीची होती.

आता झडतीकडे वळावयाचे. पांढरपेशा एकत्र कुटुंबात बाळंतिणीच्या उशाशी बसणारी, दुसऱ्याचे मूल खांद्यावर घेऊन रात्र काढणारी, देवी-गोवराच्या साथीत पोराजवळून न हलणारी ती व्यक्ती कोण होती? काही घरांत सासू असे, काही घरांत नणंद असे. पण वाड्यावाड्यांतून हे काम जिच्यावर सोपविलेले असे ती घरातील विधवा होती. केशवपन झालेली, एकवेळ जेवणारी, माजघराच्या कोपऱ्यात पडणारी आत्या, काकू किंवा वन्सं. तिला वेतन नव्हते, सुटी नव्हती, आणि सणासमारंभात पुढे येण्याची मुभा नव्हती. सधवेचा शीण हलका झाला तो पुष्कळदा विधवेच्या पाठीवर चढून. एकत्र कुटुंबाचा महिमा गाताना त्या पाठीचा हिशेब आपण धरीत नाही. तिचा पाय घसरला तर तिच्या मुलास या जगात जागाच नसे, म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढावे लागले. आणि तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्याने ओटीत घेतला. ज्या बाईस दुसऱ्यांची दहा मुले सांभाळण्यास लायक समजत, तिला स्वतःचे एक मूल सांभाळण्याची मात्र परवानगी नव्हती.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले आणि १८९६ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली, तेव्हा जो गहजब झाला त्याची धर्मशास्त्रीय बाजू आपण अनेक वेळा वाचलेली आहे. त्या गहजबाच्या पोटी एक घरगुती कारणही असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. विधवा शिकावयास गेली म्हणजे माजघरातील एक बिनपगारी दाई गेली! हे कारण कोणी वर्तमानपत्रात लिहिणार नाही हे उघडच आहे. पण पुढे काय झाले ते पाहावे. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले. तेथे ज्या स्त्रिया परिचारिकेचे आणि सुइणीचे शिक्षण घेऊ लागल्या त्यांत विधवांचा भरणा होता. म्हणजे जी बाई काल परक्याच्या बाळंतपणात फुकट राबत होती तीच आज हातात प्रमाणपत्र घेऊन, पांढऱ्या पातळात, पगारावर त्याच कामास आली. काम तेच, परंतु आता ती घरी परत जाऊ शकत होती. आमच्या सामाजिक इतिहासात याहून मोठी क्रांती झाली नसेल असे नाही, पण इतक्या निमूटपणे झालेली क्रांती मला दुसरी आठवत नाही.

हे सारे वाड्यांपुरते झाले. परळ-लालबागच्या चाळींत वेगळाच इतिहास घडत होता. कोकणातून आणि घाटावरून गिरण्यांत आलेल्या बायकांचे माहेर शेकडो मैल दूर राहिले. एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, आणि पहाटे भोंगा झाला की कामावर हजर होणे भाग. तान्ह्या मुलास ठेवावे कोठे? याचे जे उत्तर त्या काळी निघाले ते अंगावर काटा आणणारे आहे. मुलास अफूची गोळी देत. तिला ‘बाळगोळी’ असे गोंडस नाव होते. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी १९२१-२२ च्या सुमारास गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा अशा स्त्रियांच्या १०० मुलांपैकी ९८ मुलांस अफू दिली जाते असे त्यांना आढळले. शंभरांतील अठ्ठ्याण्णव आया दुष्ट असत नाहीत. जेथे विधवा आत्या नाही, सेवासदनची परिचारिका परवडत नाही, नि खाडा झाला तर रोज बुडतो, तेथे अफू हीच दाई झाली.

या अहवालानंतर बाळंतपणाच्या भत्त्याचा प्रश्न मुंबईच्या कायदेकौन्सिलात आला. १९२८ च्या जुलै महिन्यात या बिलावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जो मुद्दा मांडला तो आजही फिरून फिरून वाचावा असा आहे. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर स्त्रीस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे असल्यामुळे तिचा भार सरकारने वाहिला पाहिजे. तथापि ज्या मालकास तिच्या श्रमाचा नफा मिळतो त्यानेही त्यातला वाटा उचलणे न्याय्य आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आजवर आईचा शीण म्हणजे तिचे नशीब, फार तर तिच्या घरच्यांची जबाबदारी. तो समाजाच्या जमाखर्चात मांडण्याची बाब आहे हे येथे विधिमंडळात स्पष्टपणे सांगितले गेले. १९२९ साली कायदा झाला. सवलत तुटपुंजी होती, आणि ती देणे टाळण्यासाठी बायांस कामावरून कमी करण्याकडे काही मालकांचा कल झाला, हेही खरे. १९३४ च्या फॅक्टरी कायद्याने मोठ्या कारखान्यांत मुलांसाठी खोली राखण्याचे नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना मिळाली, आणि १९४८ च्या कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती झाली. अफूच्या गोळीपासून पाळणाघरापर्यंतचे अंतर कापावयास, डॉ. बार्न्स यांच्या पाहणीपासून मोजले तरी, पाव शतक लागले.

याच सुमारास, मुलांची संख्या हेच आईच्या शिणाचे मूळ आहे असे म्हणणारा एक गृहस्थ मुंबईत एकाकी झुंजत होता. महर्षी कर्व्यांचे वडील चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्यापायी प्राध्यापकी सोडली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि १९५३ साली देह ठेवीपर्यंत ते बंद पडू दिले नाही. त्यांच्या सर्वच मतांशी सहमत होणे कठीण आहे, आणि त्यांची भाषा मुद्दाम टोचणारी असे. परंतु दर दीड-दोन वर्षांनी बाजेवर जाणाऱ्या बाईस सहनशीलतेचा उपदेश करणारे शेकडो कीर्तनकार आणि तिला उपाय सांगणारा एक रघुनाथराव, या दोहोंत तिचा खरा कैवारी कोण, हे सांगावयास नको. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात पां. जे. रोहम यांनी आंबेडकरांच्या वतीने संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला, तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला.

या साऱ्या हकीकतीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते प्रकरण ताराबाई मोडक यांचे. प्रार्थनासमाजाचे सदाशिव पांडुरंग केळकर यांची ही मुलगी १८९२ साली मुंबईत जन्मली, पदवीधर झाली, अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. लहान मुलगी पदरी घेऊन ताराबाई राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात नोकरीस गेल्या आणि तेथून १९२३ च्या सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात. एकट्या बाईने मूल वाढवावयाचे आणि पोटही भरावयाचे, ही अडचण त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. १९२६ साली या उभयतांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि माँटेसरी पद्धतीचा प्रसार आरंभिला.

येथे थोडे विषयांतर होत आहे, पण ते उपयोगी पडेल. माँटेसरी बाईंची पहिली शाळा १९०७ मध्ये रोम शहराच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडली, ती कोणा तत्त्वज्ञाच्या प्रेरणेने नव्हे. आईबाप कामावर गेले की पोरे जिन्यांवरून धुमाकूळ घालतात आणि भिंती खराब करतात, म्हणून इमारतींच्या चालकांनाच त्यांना कोठेतरी अडकवून ठेवावयाचे होते. पुढे सुखवस्तू लोकांनी ज्या पद्धतीची किमती लाकडी उपकरणे दिवाणखान्यात मांडली, तिचा जन्म श्रमणाऱ्या आईच्या गैरहजेरीत झाला होता. ताराबाईंचे मोठेपण असे की, ही पद्धत त्यांनी पुन्हा तिच्या जन्मस्थळी, म्हणजे गरिबाच्या दारी, नेऊन पोहोचविली.

१९४५ साली त्या बोर्डीस आल्या. हे गाव तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आता २०१४ पासून पालघर जिल्ह्यात, समुद्रकाठी आहे. त्याच वर्षी त्याच टापूत गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. शेताच्या बांधावर जमीनदाराचा मुकादम आणि झोपडीत उपाशी मूल असे ते दिवस होते. ताराबाईंच्या सोबतीस अनुताई वाघ आल्या. १९१० साली मोरगावी जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या या बाईंनी पुढे अर्धे शतक दुसऱ्यांच्या मुलांत घालविले. माजघरातील त्या जुन्या विधवेची आठवण येथे आल्याखेरीज राहत नाही. फरक एवढाच, पण तो सर्वस्वी महत्त्वाचा, की अनुताई हे काम स्वतः निवडून आल्या होत्या.

बोर्डीस बालवाडी तर उघडली, पण वस्तीतली मुले येईनात. आई मजुरीस गेलेली. मुलास न्हाऊमाखू घालून, दोन शेते ओलांडून शाळेत पोहोचविणार कोण? शाळाखात्याचा एखादा अधिकारी असता तर त्याने पालकांच्या अनास्थेवर टिपण लिहून दप्तर बंद केले असते. या दोघींनी शाळाच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. झाडाखाली मुले जमवावयाची, त्यांचे हातपाय धुवावयाचे, नखे काढावयाची, मग गाणी-गोष्टी आणि खेळ. परदेशी उपकरणांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे घेतले. या प्रकारास ‘अंगणवाडी’ हे नाव पडले. किती साधा शब्द आहे हा! अंगण आईचे, वाडी सर्वांची.

तरीही एक अडचण उरलीच, आणि ती उकलण्यात या बाईंची खरी बुद्धी दिसते. १९५७ पासून काम कोसबादच्या टेकडीवर हलले. तेथे असे दिसे की, प्राथमिक शाळेत नाव घातलेल्या मुली येत नाहीत. कारण घरचे तान्हे पोर त्यांच्या कडेवर असते. आठ-नऊ वर्षांची मुलगी हीच तेथील आईचा आधार होती. वाड्यात विधवा, गिरणीत अफू, आणि पाड्यावर थोरली बहीण! तेव्हा ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकमेकांस लागून ठेवली. मुलीने यावे, कडेवरचे पोर पाळण्यात द्यावे, मधल्यास बालवाडीत सोडावे आणि आपण पलीकडच्या वर्गात जाऊन पाटी उघडावी. मधल्या सुट्टीत पोरास पाहून यावे. यासच त्यांनी विकासवाडी म्हटले. आणि जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी गुरे चरत तेथेच ‘कुरणशाळा’ भरविली. आईस उपदेश करणारे एक वाक्यही या सबंध योजनेत नाही. तिच्या दिवसाचे तास मोजले आणि जेथे तिचा हात पुरत नव्हता तेथे दुसरा हात दिला. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या निवर्तल्या. अनुताई १९९२ पर्यंत कोसबादलाच होत्या.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव दिले. बोर्डीच्या एका अंगणातला शब्द आसामपासून केरळापर्यंत गेला. मराठीने भारताला दिलेल्या शब्दांची यादी कोणी करील तर त्यात हा शब्द पहिल्या पंगतीत बसेल. शब्द गेला त्याबरोबर सारी कल्पना मात्र गेली नाही. आहार आणि लसीची नोंद यांचा व्याप वाढला, तान्ह्यास दिवसभर ठेवून घेणारे पाळणाघर बहुतेक ठिकाणी मागेच राहिले, आणि मजुरीस जाणाऱ्या आईची मूळ अडचण पुष्कळशी होती तशीच राहिली.

राहिली ती या अंगणवाडीतील बाई. गावातील गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि सहा वर्षांखालील मुले यांची वास्तपुस्त ठेवावयाची, खिचडी शिजवून वाढावयाची, नोंदवह्या भरावयाच्या, आणि मग घरी जाऊन स्वतःच्या मुलांचे पाहावयाचे, असा तिचा दिवस. तिला सरकारने ‘सेविका’ म्हटले आणि तिच्या मोबदल्यास ‘मानधन’. सेवा म्हटली की वेतनाचा प्रश्न उपस्थित होत नाही, ही युक्ती आपल्या समाजास फार जुन्या काळापासून अवगत आहे. माजघरातील आत्याही सेवाच करीत होती. गुजरातेतील काही सेविका आणि मदतनीस निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटी मागावयास गेल्या, तेव्हा त्या नोकर नव्हेतच असा बचाव करण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, त्यांचे काम दिवसभराचे आणि कायद्याने नेमून दिलेले आहे. सबब त्या ग्रॅच्युइटीस पात्र आहेत. दहा टक्के व्याजासह ती रक्कम देण्याचा हुकूम झाला. मानधन हा शब्द मात्र त्या निकालानंतरही बदललेला नाही.